नवसाचा दुसरा भाग



संवत्सरी झाली, घरोघरी जाऊन खमतखामणा झाला, पर्युषणाचा शीण अजून अंगात होता, आणि सूनबाईंनी जाहीर केलं, "मम्मी, रविवारी 'नवरा माझा नवसाचा २' बघायला जायचंय. चार तिकिटं काढलीत. नाही म्हणायचं नाही."

मी नाही म्हणणार नव्हतेच. सिनेमा २० सप्टेंबरला लागला होता, अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून तीनच दिवस झाले होते. जाहिराती बघून बघून माझ्याही मनात होतंच. एकच अट घातली, शो दुपारचा हवा. माझा चौविहार असतो, सूर्यास्ताच्या आत घरी पोचून पाणी झालं पाहिजे. तर २२ तारखेच्या रविवारी मी, मुलगा, सून आणि नात असे चौघं जाऊन आलो. आमचे 'हे' आले नाहीत. म्हणाले, "पहिला बघितलाय, तेवढा पुरे." आता वाटतं, चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं जे थोडंफार बरोबर ठरलं त्यात हे एक धरायला हरकत नाही.

सिनेमा मला आवडला नाही. इतकंच सांगायचं असतं तर लिहायला बसले नसते, फोनवर एकमेकींना सांगून मोकळ्या झालो असतो. पण तो का आवडला नाही याचा विचार करता करता मी भलतीकडे पोचले. स्वतःच्याच घरात पोचले म्हणा. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पहिल्या भागाबद्दल. तेव्हा तो येऊन वीस वर्षं होत आली होती. आपल्यापैकी कुणी तो बघितला नसेल असं मला वाटत नाही, टीव्हीवर तो सतत लागतच असतो. तरी नव्या सुनांसाठी थोडक्यात सांगते. वॅकी, म्हणजे वक्रतुंड. त्याच्या वडिलांनी गणपतीपुळ्याच्या गणपतीला नवस बोललेला असतो, मुलगा झाला तर त्याला नागडा दर्शनाला आणीन. तान्ह्या बाळासाठी बोललेला नवस तो. फेडायचा राहून जातो. बाळ वाढतं, मोठं होतं, त्याचं लग्न होतं, आणि त्याच्या बायकोला, भक्तीला, हे कळतं. भक्ती नावासारखीच भाविक. नवस फेडलाच पाहिजे. आणि वॅकी तर पँटशर्टातला मोठा बाप्या! मग एसटीत बसून सगळी वरात गणपतीपुळ्याला निघते. सचिन वॅकी, सुप्रिया भक्ती, आणि एसटीचे कंडक्टर अशोक सराफ.

हा सिनेमा आम्ही इथे नगरला जुन्या एकपडदा थिएटरात पाहिला होता. माझ्या सासूबाई बरोबर होत्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. बाईंनी कित्येक वर्षांत थिएटरची पायरी चढली नव्हती. सामायिक आणि स्थानक सोडून त्यांना दुसरीकडे वेळ घालवलेला आवडायचा नाही. पण नातवानं, म्हणजे माझ्या मुलानं, हाताला धरून नेलं. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. मला खरी धास्ती होती ती विषयाची. नागड्यानं दर्शन हा विनोद बाईंना कसा वाटेल? पण बाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारची अनोळखी बाई त्यांना पाणी द्यायला लागली. अशोक सराफांनी एखाद्या प्रवाशाकडे नुसतं वळून बघितलं तरी त्या हसायच्या.

इंटरव्हलला माझा मुलगा सहज म्हणाला, "बाई, आपल्या घरातही एक वॅकी आहे बरं का."

बाईंचं हसू थांबलं. का थांबलं ते पुढे सांगते.

आता दुसऱ्या भागाकडे येते. मधे एक पिढी गेली आहे. वॅकी-भक्तीची मुलगी मोठी झाली आहे, तिचं काम हेमल इंगळेनं केलंय. जावई म्हणून स्वप्नील जोशी. पुन्हा नवस, पुन्हा गणपतीपुळे. फक्त एसटीऐवजी कोकण रेल्वे, आणि अशोक सराफ कंडक्टरचे टीसी झालेत. गोष्ट याहून जास्त सांगत नाही, ज्यांना बघायचाय त्यांचा विरस नको.

थिएटर जवळजवळ भरलेलं होतं. अशोक सराफ पडद्यावर आले तेव्हा टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. त्यांचा जन्म १९४७ चा, म्हणजे तेव्हा वय ७७. महाराष्ट्र भूषण मिळालेला हा माणूस एकेकाळी बँकेत नोकरी करत होता, म्हणून आम्हा कॉमर्सवाल्यांना तो जरा आपल्यातलाच वाटतो. आजही तो काही न बोलता नुसता उभा राहिला तरी हसू येतं. त्या टाळ्यांत मात्र माझ्या एक लक्षात आलं. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो त्या वीस वर्षांपूर्वीच्या कंडक्टरला. टीसीनं अजून काहीच केलेलं नव्हतं.

मी नगरच्या सारडा कॉलेजातून बी.कॉम. केलं. पुढे त्याचा उपयोग वाणसामानाचा हिशोब आणि मुलाची शिकवणी एवढाच झाला, पण काही धडे डोक्यात पक्के बसलेत. त्यातला एक गुडविलचा. दुकान विकताना माल आणि फर्निचर यांच्या किमतीवर आणखी एक रक्कम धरतात, ती नावाची. लोक त्या पाटीकडे बघून आत येतात, त्याची किंमत. ही रक्कम दिसत नाही, मोजायला अवघड, पण असते. आणि आमचे सर सांगायचे, गुडविल मिळवायला वीस वर्षं लागतात, खर्चायला दोन दिवाळ्या पुरतात. दुसरा भाग काढणं म्हणजे पहिल्याच्या गुडविलवर दुकान उघडणं. त्यात गैर काहीच नाही, आपल्या कापडबाजारातही बापाच्या नावाच्या पाटीखाली मुलगा धंदा करतो. पण आतला माल त्याला नवा भरावा लागतो. इथे तिकिटं खपली, सिनेमा चालला. माल मात्र बराचसा जुन्या साठ्यातला होता.

घरातल्या भाषेत सांगायचं तर, एकदा उकळलेल्या चहाच्या चोथ्यावर पुन्हा पाणी टाकलं तर रंग येतो, वाफही येते, पण चव येत नाही. मग आपण काय करतो? साखर वाढवतो. दुसऱ्या भागात मला तेच झालेलं दिसलं. गाणी, गोंधळ, धावाधाव, ओळखीच्या चेहऱ्यांची गर्दी, सगळं भरपूर. साखर खूप, चहा पातळ.

आपल्या लोकांच्या बाबतीत हे पहिल्यांदा झालेलं नाही. 'झपाटलेला' १९९३ चा, त्याचा दुसरा भाग २०१३ साली आला. तोवर लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन आठ वर्षं होऊन गेली होती. 'दे धक्का' २००८ चा, त्यातलं ते खेड्यातलं कुटुंब आपलं वाटलं होतं. २०२२ च्या दुसऱ्या भागात ते लंडनला गेलं आणि माझ्यापासून तेवढंच लांब गेलं. उलट 'अशी ही बनवाबनवी' बघा. १९८८ चा, सचिन यांनीच केलेला. त्याचा दुसरा भाग आला नाही आणि आज इतक्या वर्षांनीही माझी नात त्याला हसते. सगळेच दुसरे भाग वाईट असतात असंही नाही. 'मुन्नाभाई'चा पहिला भाग २००३ चा, 'लगे रहो' २००६ चा. तो चांगला का झाला? कारण माणसं तीच ठेवून त्यांनी मुन्नापुढे प्रश्न नवा टाकला. पहिल्यात दवाखाना होता, दुसऱ्यात गांधीजी होते.

'नवसाचा'च्या पहिल्या भागात एसटी होती, आणि ही गोष्ट मला नगरकर म्हणून जास्त जाणवते. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती आपल्या नगरहून पुण्याला. म्हणजे एसटीचं माहेर आपलंच. एसटीत एकदा दार लावून डबल बेल मारली की चाळीस-पन्नास माणसं काही तासांसाठी एका कुटुंबाची होतात. कुणी उलटी करतं, कुणी खिडकीवरून भांडतं, कुणी डबा उघडतं आणि लसणाचा वास आपल्यापर्यंत येतो. आणि कंडक्टर त्या घराचा कर्ता. सुट्टे पैसे त्याच्याकडे, घंटी त्याच्या हातात, कुणाला कुठे उतरायचं ते त्याला ठाऊक. तो पहिल्या थांब्यापासून शेवटपर्यंत बरोबर असतो. म्हणून अशोक सराफांच्या हातात अख्खा सिनेमा होता.

टीसीचं तसं नसतं. तो येतो, तिकीट बघतो, पुढच्या डब्यात जातो. प्रवासी आपापल्या बर्थवर. कंटाळा आला तर माणूस उठून दाराशी जाऊन उभा राहतो. कोंडलेपण गेलं की विनोदही पातळ होतो. शिवाय गणपतीपुळ्याला रेल्वे जातच नाही, रत्नागिरीला उतरून पुढे रस्त्यानंच जावं लागतं. आणि कोकण रेल्वे १९९८ लाच सुरू झाली होती, म्हणजे पहिल्या सिनेमाच्या वेळी ती होतीच. तरीही तेव्हा त्यांनी एसटी निवडली होती. ते शहाणपण होतं.

वाईट याचं वाटतं की आजच्या एसटीत दुसऱ्या भागापुरता नवा माल भरपूर होता. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून एसटीत बायकांची जी गर्दी असते, ती कधी बघितलीत का? अर्ध्या तिकिटाचं आधार कार्ड शोधताना पर्समधून निघणाऱ्या वस्तूंवरच एक सिनेमा होईल. ७५ वर्षांपुढच्यांना तर तिकीटच नाही. अशोक सराफांच्या वयाचा रिटायर झालेला कंडक्टर फुकट प्रवास करतोय आणि नव्या मशीनवाल्या कंडक्टरला शिकवतोय, असं का नाही सुचलं कुणाला? आणि १ जून २०२२ ला विजेवरची पहिली शिवाई बस धावली तीही पुणे-नगर याच रस्त्यावर. पण माझं ऐकतंय कोण!

हे सगळं मी घरी येऊन तावातावानं बोलले, तेव्हा मुलगा म्हणाला, "मम्मी, सिनेमा बदलला नाही, तुझं वय बदललं."

मुद्दा बिनतोड होता. पहिल्या वेळी मी चव्वेचाळीसची होते, बाई बरोबर होत्या, थिएटर खच्चून भरलं होतं. मी हसले ती सिनेमाला, की त्या दिवसाला? दुसऱ्या भागात मी सिनेमा शोधत होते, की शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना? बाईंना जाऊन तेरा वर्षं झाली. पहिल्या भागातले प्रदीप पटवर्धनही २०२२ मध्ये गेले. बारा भावनांमधली पहिलीच अनित्य भावना. रोज म्हणायची आणि तिकीट काढायची वेळ आली की विसरायची.

म्हणून मी पडताळा घेतला. खतावणी जुळत नसेल तर मुळातल्या नोंदीकडे जायचं असतं. पुढच्या रविवारी आम्ही घरी टीव्हीवर पहिला भाग लावला आणि मी पडद्याकडे न बघता नातीकडे बघत बसले. तिचा जन्म या सिनेमानंतरचा. तिला त्या थिएटराची आठवण नाही, सासूबाईंची जेमतेम आहे. आणि ती पोटभर हसली. मधेच हसणं थांबवून तिनं विचारलं, "दादी, पण नवस त्याच्या पप्पांनी केला ना? मग फेडायचा यानं का?"

मैत्रिणींनो, तो प्रश्न ऐकला आणि मला दोन्ही सिनेमांतला फरक कळला. पहिल्या भागाच्या पोटात हा प्रश्न आहे. बोलायचं बापानं, लाज वाटून घ्यायची मुलानं. हसता हसता प्रेक्षकाला तो टोचत राहतो. दुसऱ्या भागात नवस आहे, टोचणी नाही. नवस हे फक्त प्रवासाला निघायचं निमित्त राहिलं. मुलगी-जावयाची नवी पिढी आली, पण नव्या पिढीनं जे विचारायला हवं ते माझ्या दिवाणखान्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलीनं विचारलं.

आपल्या धर्मात या प्रश्नाला फार स्वच्छ उत्तर आहे. नागडेपणाचंच घ्या. आम्ही स्थानकवासी, आमचे साधू-साध्वी पांढऱ्या वस्त्रातले. पण दिगंबर मुनिराजांचा विहार नगरवरून जातो तेव्हा आम्हीही रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या राहतो. तिथे कुणाला हसू येत नाही आणि कुणाला लाजही वाटत नाही. का? कारण त्यांनी वस्त्र स्वतः सोडलंय. कुणा बापानं त्यांच्या वतीनं शब्द दिलेला नाही. आतून सुटलेलं वस्त्र हा त्याग, आणि दुसऱ्याच्या शब्दाखातर उतरवायला लागलेलं वस्त्र ही फजिती. अंग तेच, फरक कुणी ठरवलं याचा. बाई त्या दिवशी मोकळेपणानं हसू शकल्या त्या याचमुळे, असं मला आता वाटतं.

आणि देवाणघेवाणीचा हिशोब तर आपल्याकडे बसतच नाही. वीतराग भगवंत ना काही देतात, ना काही घेतात. तप करायचं ते निर्जरेसाठी. तपाच्या बदल्यात अमुक मिळू दे म्हणणं म्हणजे निदान, आणि माया, मिथ्यात्व, निदान ही तीन शल्यं, आत रुतून बसणारे काटे. व्याख्यानात हे आपण दर चातुर्मासात ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येतो.

आता बाईंचं हसू का थांबलं ते सांगते.

१९८९ साली माझ्या मुलाला टायफॉइड झाला. चार वर्षांचं पोर, तीन आठवडे ताप हटेना. अंगावर कातडं आणि हाडं राहिली होती. एका रात्री बाई माळ हातात घेऊन बसल्या आणि आम्हा सगळ्यांच्या देखत बोलल्या, "पोरगा यातून उठला तर मोठेपणी अठाई करेल." पोरगा उठला. औषधानं उठला, आयुष्य होतं म्हणून उठला, पण घरात सगळ्यांच्या मनात बसलं ते बाईंचं बोलणं. आठ दिवस निव्वळ पाण्यावर राहायचा शब्द एका चार वर्षांच्या मुलाच्या वतीनं दिला गेला, आणि तो तर तेव्हा ग्लानीत होता.

मुलगा वाढला. अठाई झाली नाही. शिक्षण, मग दुकान, मग पित्ताचा त्रास. दर पर्युषणाला विषय निघायचा. त्यानं थिएटरात "आपल्या घरातही वॅकी आहे" म्हटलं ते गमतीनं, पण बाईंच्या डोळ्यात मी तेव्हा भीती बघितली. स्वतःच्या शब्दाची भीती. आपण बोलून गेलो आणि लेकरू अडकलं, ही. पुढे जाताना त्यांनी हा विषय माझ्याकडे सोपवला. "तू त्याला आठवण देत जा." मी देत गेले. तेरा पर्युषणं. हसून, रागावून, कधी न बोलता ताटाकडे बघून. यंदाही दिली. तो उठून बाहेर गेला. सूनबाई काही बोलल्या नाहीत, त्या कधीच बोलत नाहीत. पण त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली गेली.

आणि अजून एक सांगायचंय. ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नातीची यंदा दहावी. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात, जिथे चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागायची तिथे, माझ्या मनात येऊन गेलं, हिला नव्वदच्या वर पडू देत, चैत्राच्या ओळीत हिच्याकडून नऊ आयंबिल करून घेईन.

हिच्याकडून!

तिनं टीव्हीपुढे तो प्रश्न विचारला तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडली. सचिनच्या दुसऱ्या भागाला मी आठ दिवस नावं ठेवत होते. जुनीच गोष्ट पुन्हा, त्याच नवसाची नवी पिढी, विचार नाही, नुसती पुनरावृत्ती. आणि माझ्याच घरात मी काय काढत होते? बाईंच्या नवसाचा दुसरा भाग. त्यांच्याकडे निदान तापानं फणफणलेलं लेकरू होतं. माझ्याकडे काय होतं? टक्केवारी.

मग मी दोन गोष्टी केल्या. आधी स्थानकात जाऊन एका साध्वीजींना विचारलं, घरातल्या मोठ्या माणसानं दुसऱ्याच्या वतीनं बोललेलं तप राहून गेलं तर त्याचा दोष कुणाला? त्यांनी मलाच उलट विचारलं, "पच्चक्खाण कोण घेतं?" म्हटलं, जो हात जोडतो तो. "मग त्यानं हात जोडले होते का?" बस, एवढंच बोलून त्या पोथी वाचायला लागल्या. तेरा वर्षांचं ओझं चार वाक्यांत उतरलं. उतरलं म्हणताना थोडी लाजही वाटली, कारण हे मला आधीच माहीत होतं. माहीत असून आठवण देत राहिले, कारण बाईंना दिलेला शब्द मोडायची भीती मला धर्मापेक्षा मोठी वाटत होती.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. रात्री मुलगा दुकानातून आला तेव्हा त्याला बसवून सांगितलं, "ते अठाईचं खातं मी आजपासून बंद केलं. येणं बाकी काही नाही. पुन्हा विषय काढणार नाही." तो गप्प बसला. मग म्हणाला, "आणि मला माझ्या मनानं करावीशी वाटली तर?" मी म्हटलं, "तर ती तुझी. बाईंची नाही, माझी नाही." तो "बघू" म्हणाला. त्याचं "बघू" मी ३९ वर्षं ऐकते आहे, पण या वेळचं वेगळं वाटलं. सूनबाईंनी त्या रात्री न सांगता माझ्या पायांना तेल लावलं.

नातीला काही सांगितलं नाही. जे तिला ठाऊकच नव्हतं त्यातून तिला सोडवायचं काय! आश्विनाची ओळी आता तोंडावर आली आहे. नऊ आयंबिल मीच करणार आहे, गुडघे आणि बीपी सांभाळून, जमतील तेवढी. कशाच्याही बदल्यात नाही. खरं सांगू, मनाच्या कोपऱ्यात "हिला चांगले मार्क पडू देत" हे अजून डोकावतंच. आजीचं मन आहे. पण निदान त्याची पावती मी तिच्या नावावर फाडणार नाही.

तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, संस्कार करायचेच नाहीत का? मुलांना तपाची गोडी लावायची नाही का? लावायची की. आपण करायचं, त्यांनी बघायचं, पारण्याला त्यांच्या हातून मुगाचं पाणी घ्यायचं. गोडी अशीच लागते. पण गोडी लावणं वेगळं आणि त्यांच्या नावानं उधारी करून ठेवणं वेगळं. आपण भाजीवाल्याकडेसुद्धा शेजारणीच्या खात्यावर कोथिंबीर लिहून ठेवत नाही.

तर असा हा सिनेमा. तुम्ही जावं का? अशोक सराफांसाठी जायचं तर जा, पैसे वाया गेले असं वाटणार नाही. माझ्यासारखी जुनी मजा शोधायला जाणार असाल तर घरी पहिला भाग लावा, आणि मधे मधे पडद्याऐवजी शेजारी बसलेल्या पोरांकडे बघा. ती जे विचारतील ते ऐका. दुसरा भाग काढायचाच असेल तर तिथून काढावा.

सचिनजींनी आणि सुप्रियाताईंनी आम्हाला इतकी वर्षं हसवलं, त्यांच्या कामाबद्दल मी जरा कडक लिहिलं असेन. संवत्सरी होऊन महिनाही झाला नाही, म्हणून त्यांना, माझ्या मुलाला आणि वाचताना ज्यांचं मन दुखावलं असेल त्या सगळ्यांना,

मिच्छामि दुक्कडम्.